झडपेचे ऑपरेशन झाले, उपचार संपले नाहीत

आमच्या वस्तीतल्या २६ वर्षांच्या एका तरुणाच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला. आधी कित्येक दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, मग ऑपरेशन करून झडप बदलली. त्या काळात आम्ही कार्यकर्ते रोज रुग्णालयात होतो. रक्तदाते शोधले, योजनेची कागदपत्रे जमवली, वर्गणी काढली. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांनी मिळून फोटो काढला आणि ‘ऑपरेशन यशस्वी, सर्वांचे आभार’ असा मेसेज ग्रुपवर टाकला. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही त्याच्या घरी नियमित गेले नाही.

सात महिन्यांनी त्याला ताप आला. पावसाळा होता. वस्तीत डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळेच सुरू होते. गल्लीतल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरला, गोळ्या संपल्यावर पुन्हा चढला. मग दुसऱ्या गोळ्या. तिसऱ्या आठवड्यात त्याला आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तेव्हा त्याच्या पत्नीने आम्हाला फोन केला. तपासणीत कळले की नव्या झडपेलाच संसर्ग झाला आहे आणि तिच्या कडेने रक्त गळते आहे. दुसरे ऑपरेशन करावे लागले. तो वाचला. पण हमालीचे काम कायमचे सुटले आणि घर कर्जात गेले.

‘ताप आल्या आल्या का आणले नाही?’ असे डॉक्टर विचारत होते. कारण साधे होते. या माणसाचा ताप इतरांच्या तापासारखा नसतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेले होते, पण इंग्रजीत. ते त्याने वाचले नव्हते आणि शिकल्यासवरल्या आम्हीही वाचले नव्हते. हा लेख त्या चुकीतून लिहीत आहोत. तुमच्या ओळखीत कोणाची झडप बदललेली असेल, तर तो त्यांच्या घरी वाचून दाखवा.

आजार नेमका काय?

हृदयाला चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देते, म्हणजे झडपाही तितक्या वेळा उघडतात आणि मिटतात. हृदयाच्या आतल्या अस्तराला, विशेषतः झडपांना, जंतूंचा संसर्ग होतो त्याला बॅक्टेरियल एंडोकार्डायटिस म्हणतात.

जंतू रक्तात येतात ते बहुतेक वेळा आपल्याच शरीरातून: किडलेल्या दातांतून, सुजलेल्या हिरड्यांतून, त्वचेवरच्या जखमेतून, कधी रुग्णालयात लावलेल्या सुईतून किंवा डायलिसिसच्या नळीतून. निरोगी झडपेचे अस्तर गुळगुळीत असते, तिथे जंतू सहसा टिकत नाहीत. जन्मतः दोष असलेल्या किंवा आधीच खराब झालेल्या झडपेवर ते चिकटतात. त्यांच्याभोवती रक्तातले घटक जमून फुलकोबीच्या तुऱ्यासारखा गोळा वाढतो. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा फारसा नसतो, म्हणून शरीराचे संरक्षक पेशीदळ आणि औषध दोन्ही त्या गोळ्याच्या आत पोहोचायला वेळ लागतो. म्हणूनच साध्या तापासारख्या पाच दिवसांच्या गोळ्या इथे चालत नाहीत, चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते.

झडप आधी खराब कशी होते? आपल्याकडे याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप, ज्याला डॉक्टर रुमॅटिक फीव्हर म्हणतात. ५ ते १५ वर्षांच्या वयात एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखतो. काही मुलांत त्याची प्रतिक्रिया म्हणून सांधे सुजतात आणि झडपांना इजा होते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात तिथे घशाचा संसर्ग लवकर पसरतो. त्यामुळे हा आजार गरिबीचा आणि दाटीवाटीचा आजार म्हणून ओळखला जातो. आमच्या या तरुणालाही शाळेत असताना सांधे सुजण्याचा त्रास झाला होता. ‘वाढीचे दुखणे आहे’ म्हणून घरच्यांनी सोडून दिले.

ऑपरेशन कशासाठी करतात?

पेनिसिलिन येण्यापूर्वी या आजाराचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावत. १९४० च्या दशकात अँटिबायोटिक आले. १९६० मध्ये कृत्रिम झडप बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि १९६५ मध्ये संसर्ग चालू असतानाच खराब झडप काढून नवी बसवल्याची नोंद झाली. इतकी प्रगती होऊनही आज या आजाराने दाखल झालेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एक रुग्णालयातच दगावतो.

ऑपरेशनची मुख्य कारणे तीन. झडप फाटून किंवा गळून हृदय निकामी होऊ लागणे. औषधाने संसर्ग आटोक्यात न येणे, झडपेच्या मुळाशी पू साठणे. आणि जंतूंचा गोळा तुटून मेंदूत जाण्याचा धोका असणे, विशेषतः तो १० मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर.

शक्य असेल तर सर्जन रुग्णाची स्वतःची झडप दुरुस्त करतात. नाहीतर ती बदलतात. धातू-कार्बनची यांत्रिक झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘चित्रा’ झडप याच प्रकारातली. १९९० पासून ती वापरात आहे आणि परदेशी झडपेपेक्षा स्वस्त असल्याने हजारो गरीब रुग्णांपर्यंत पोहोचली. दुसरा प्रकार गाय किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेली झडप. तिला सहसा काही महिनेच ती गोळी लागते, पण ती साधारण १० ते १५ वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर.

नंतर काय बिघडू शकते?

पहिली गुंतागुंत म्हणजे पुन्हा संसर्ग. कधी जुनेच जंतू उरलेले असतात, कधी नवे येतात. एकदा एंडोकार्डायटिस झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो आणि कृत्रिम झडपेमुळे तो आणखी वाढतो. पहिले वर्ष विशेष जपण्याचे.

दुसरी, कडेने गळती. झडप ज्या ऊतीला टाके घालून बसवलेली असते ती संसर्गाने आधीच नाजूक झालेली असते. टाका सुटला की झडप आणि हृदयाची भिंत यांच्यामध्ये फट पडते. फट लहान असेल तर तांबड्या पेशी तिच्यातून जाताना फुटतात. रुग्ण पिवळा दिसतो, अशक्त होतो, लघवी काळ्या चहासारखी होते. अशी लघवी पाहून लोक कावीळ समजून झाडपाल्याचे औषध घेतात. झडप बदललेल्या माणसाने तसे करू नये. मोठी फट असेल तर धाप लागते, पाय सुजतात.

तिसरी, झडपेवर गुठळी. यांत्रिक झडप उघडमीट करताना बारीक टिकटिक आवाज करते, शांत खोलीत तो जवळच्या माणसालाही ऐकू येतो. हा आवाज अचानक दबला किंवा थांबला आणि धाप लागली, तर गुठळीने झडप अडकली असण्याची शक्यता असते. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

चौथी, याच्या उलट, रक्तस्राव. गोळीचा परिणाम जास्त झाला तर हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त जाते, शौच डांबरासारखे काळे होते. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीव जाऊ शकतो.

पाचवी, ठोक्यांची गडबड. महाधमनीच्या झडपेशेजारूनच हृदयाच्या ठोक्यांची विजेची वाट जाते. संसर्गाने किंवा शस्त्रक्रियेने तिला इजा झाली तर ठोके फार मंद पडतात, चक्कर येते आणि पेसमेकर बसवावा लागतो.

यातल्या बहुतेक गोष्टी टू-डी इको तपासणीत लक्षात येतात. म्हणून पहिल्या वर्षात डॉक्टर ठरावीक अंतराने बोलावतात. ‘बरे वाटते आहे, मग कशाला जायचे’ या विचाराने तारीख चुकवू नये.

गोळी आणि आयएनआर

रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकौमारॉल. तिचा डोस प्रत्येकाला वेगळा लागतो आणि तो आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून ठरतो. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. यांत्रिक झडप महाधमनीच्या जागी असेल तर तो साधारण २ ते ३ आणि मायट्रल जागी असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. तुमचा आकडा किती हवा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याखाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

आम्ही ज्या घरांत गेलो तिथे पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका अशा:

- वॉरफॅरिनऐवजी दुकानदाराने दिलेले ॲसेनोकौमारॉल तेवढ्याच मिलिग्रॅमने घेणे. दोन्ही एकाच कामाची, पण डोस सारखा नसतो.
- एक दिवस गोळी विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणे.
- अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे, कमरेत इंजेक्शन टोचून घेणे. दोन्हींत रक्तस्रावाचा धोका आहे.
- पालेभाजी पूर्ण बंद करणे. पालक, मेथीतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो हे खरे. पण भाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायची असते.
- टीबीचे औषध सुरू झाले किंवा संपले, हे हृदयाच्या डॉक्टरांना न सांगणे. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन या गोळीचा परिणाम खूप कमी करते. ते बंद झाल्यावर वाढवलेला डोस तसाच राहिला, तर रक्तस्राव होतो. अनेक अँटिबायोटिकही आयएनआर बदलतात.

रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना वारंवार तपासणी लागत नाही, मग त्या का नको, असे तरुण विचारतात. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान या नव्या गोळीची चाचणी झाली होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळले, चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून यांत्रिक झडपेसाठी आजही जुनीच गोळी.

ताप आला तर: आधी ब्लड कल्चर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी रक्ताचे कल्चर झाले पाहिजे.

कल्चर म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात कोणते जंतू वाढतात ते पाहणे. वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून दोन-तीन वेळा रक्त घेतात. जंतू कळला की त्याला मारणारे नेमके औषध ठरते. आधीच अर्धवट अँटिबायोटिक घेतले असेल, तर जंतू बाटलीत वाढत नाहीत पण झडपेवर जिवंत राहतात. आमच्या तरुणाचे तेच झाले. दोन वेळा घेतलेल्या गोळ्यांमुळे कल्चरमध्ये काहीच सापडले नाही. डॉक्टरांना अंदाजाने तीन औषधे एकत्र द्यावी लागली आणि तोवर झडपेची कड सैल झाली होती.

म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांना आधीच सांगा: ‘मला कृत्रिम झडप आहे.’ चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवा. ताप, थंडी, रात्रीचा घाम, भूक मरणे, वजन घटणे यांतले काहीही असेल तर ऑपरेशन झालेल्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. बोलताना जीभ अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, अचानक धाप, काळे शौच यांत तर एक तासही घालवू नका.

दात, मिश्री आणि टॅटू

हृदयाच्या आजारात दातांचे काय काम, असे अनेकांना वाटते. पण जंतूंचा मोठा दरवाजा तोंडात आहे. रोज दोनदा ब्रश, सहा महिन्यांनी दातांची तपासणी. मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खराब होतात, त्या सोडल्याच पाहिजेत. दात काढणे, रूट कॅनॉल, हिरड्यांची सफाई यांपूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, सहसा अमॉक्सिसिलिन. ॲलर्जी असेल तर दुसरे औषध. म्हणून दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी झडपेबद्दल सांगा. दात काढण्यासाठी रक्ताची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि तरुणांसाठी एक गोष्ट. हातावर बाबासाहेबांची सही किंवा अशोकचक्र गोंदवून घेण्याची हौस आम्ही समजू शकतो. पण कृत्रिम झडप असलेल्यांनी टॅटू काढणे आणि कान-नाक टोचणे टाळावे, असाच वैद्यकीय सल्ला आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे

संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांत मुली आणि तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. ऑपरेशन झाल्याचे लग्न जमवताना लपवले जाते. मग सासरी गोळी लपून घ्यावी लागते, तपासणी बंद पडते. त्यातच दिवस राहतात. वॉरफॅरिनमुळे गर्भाला इजा होऊ शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. आणि गोळी एकदम बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन आईचाच जीव धोक्यात येतो. या काळात हेपॅरिनची इंजेक्शने आणि गोळी यांचे वेळापत्रक तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि तेही दिवस राहण्याच्या आधीपासून. म्हणून झडप निवडतानाच मुलीशी स्वतः बोलून मूल हवे आहे का, कधी, हे विचारले पाहिजे. तिच्या बापाला किंवा नवऱ्याला विचारून भागत नाही. लग्नाआधी आजार सांगणे हा कमीपणा नाही, हे घराघरांत बोलण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

पैसा नेमका कुठे अडतो?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेचे ऑपरेशन कॅशलेस होऊ शकते. डॉ. आंबेडकर फाउंडेशनचीही अनुसूचित जातींतील गरीब रुग्णांसाठी वैद्यकीय मदत योजना आहे, तिच्या अटी आणि उत्पन्नमर्यादा अर्जाआधी पाहून घ्याव्यात. बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीत संधिवाताचा हृदयरोगही पाहिला जातो.

अडते ते नंतर. आयएनआरची तपासणी, शहरापर्यंतचे भाडे, दर वेळी बुडणारी रोजंदारी, सोबत येणाऱ्याची रोजंदारी. ऑपरेशनला लाखो रुपये मंजूर होतात आणि काही शे रुपयांच्या तपासणीवाचून ते वाया जातात. फुले योजनेत काही ऑपरेशननंतरच्या फॉलोअपसाठीही पॅकेज आहे, डिस्चार्जपूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला त्याबद्दल विचारा. आयएनआरची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्हावी, ही मागणी आपण निवेदनात लिहायला हवी. आपल्या निवेदनांत ऑपरेशनच्या मदतीची मागणी असते, तपासणीची नसते.

आता आम्ही काय करतो?

त्या दुसऱ्या ऑपरेशननंतर आम्ही पद्धत बदलली. डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांसमोरच मराठीत लिहून घेतो: झडप कोणती, आयएनआर किती हवा, ताप आल्यास कोणाला फोन करायचा. प्रत्येक रुग्णामागे दोन कार्यकर्ते नेमतो, एक गैरहजर असला तर दुसरा असतो. वर्गणीतली ठरावीक रक्कम पुढच्या वर्षभराच्या तपासण्यांसाठी वेगळी ठेवतो. जयंतीच्या आरोग्य शिबिरात दातांची तपासणी ठेवतो आणि घसा दुखून सांधे सुजलेली मुले असतील तर त्यांना हृदय तपासणीला पाठवतो. वेळेत कळले तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन त्यांची झडप आणखी खराब होण्यापासून वाचवता येते. मग ऑपरेशनची वेळच येत नाही.

तो तरुण आता एका सोसायटीत वॉचमन आहे. खिशात शंभर पानी वही असते. तारीख, आयएनआर, डोस, एवढेच तिच्यात. मागच्या महिन्यात त्याला पुन्हा ताप आला. या वेळी पहिल्याच दिवशी त्याची पत्नी त्याला रुग्णालयात घेऊन गेली आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणाली, ‘आधी कल्चर घ्या, मग औषध द्या.’ ताप साधाच निघाला, पण कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत ते दोघे तिथून हलले नाहीत.